अमावास्येच्या आत आलेला फ्रीजर

फ्रीजर घरात आला आणि त्याच्या भोवतीचा थर्मोकोल गोळा करायच्या आत मी त्याचं बटण दाबलं. चूक म्हणाल तर एवढीच. पुढे घरात जे काही झालं ते त्या एका बोटामुळे.

वाईट याचंच वाटतं की हे माझ्या हातून व्हावं. मी नोकरीत दुसरं काही करतच नाही. कारखान्यांत जातो आणि यंत्र बसवताना कुणी घाई केली, कुणी अर्थिंग तपासलं नाही, कुणी सूचना न वाचताच पाना हातात घेतला, ते शोधून काढतो. या विषयावर माझं एक भाषणही आहे, स्लाइड्ससकट. 'यंत्राला आधी स्थिर होऊ द्या, मग कामाला लावा' ही त्यातली माझी लाडकी स्लाइड. गुडगावपासून पानिपतपर्यंतच्या कितीतरी लोकांनी ती जांभया देत का होईना, पाहिलेली आहे.

पण त्या कारखान्यांत माझे बाबा नसतात. घरी असतात. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले, सगळी हयात दिल्लीत गेलेली, आता नोएडात आमच्याजवळ. भाजीवाल्याशी अस्खलित हिंदीत भांडतात, पण तिथी-वार मात्र पुण्याहून मागवलेल्या पंचांगातूनच बघतात. त्या दिवशी सकाळपासून त्यांनी एकच धोशा लावला होता. दुपारी श्रावणातली अमावास्या लागते, आणि नवी वस्तू अमावास्येला सुरू करायची नाही. म्हणजे जे काय करायचं ते त्याच्या आत. टेंपो मात्र कुठल्याशा फ्लायओव्हरखाली अडकलेला. शेवटी तो सोसायटीच्या गेटवर आला तेव्हा बाबा पंचांग उघडं धरून बाल्कनीत उभे होते आणि मी खाली वॉचमनला गेट उघडायची घाई करत होतो.

फ्रीजर आडवा होता, पेटीसारखा, वरून झाकण उघडणारा. लिफ्टमध्ये तो तसा मावेना. मग आणणाऱ्या दोघांनी तो सरळ एका कुशीवर उभा केला, लिफ्टमध्ये ढकलला आणि वर आणून पुन्हा आडवा केला. मी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. कुठल्या कारखान्यात पाहिलं असतं तर तिथल्या तिथे काम थांबवलं असतं. पण इथे बाबा मागे उभे होते आणि दर थोड्या वेळाने "आटप, आटप" म्हणत होते. मी झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, सुपारी ठेवली, बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनच्या एक्स्टेन्शन बोर्डात वायर खुपसली आणि बटण दाबलं. आतून घर्र असा जाडा आवाज आला.

"ताकद बघा," मी बाबांना म्हटलं.

बाबांनी घड्याळ पाहिलं, पंचांग मिटलं आणि समाधानाने चहा मागितला. चहा अजून गॅसवर होता तेवढ्यात बायकोचा फोन आला. तिचं ऑफिस दिल्लीत, कस्तुरबा गांधी मार्गावर. जेवणाच्या सुट्टीत तिने सहज विचारायला केला होता.

"आला का? लिफ्टमधून कसा आणला?"

"उभा करून," मी म्हटलं.

पलीकडे जेवणाचा डबा मिटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "आत्ता तो बंद आहे ना?"

मी फोन कानाला लावूनच बाल्कनीत गेलो, बटण वर केलं आणि म्हटलं, "हो, आत्ता बंद आहे." या वाक्यात खोटं काही नव्हतं. पण लग्नाला बावीस वर्षं झालेल्या बाईला 'आत्ता' या शब्दावरून सगळं कळतं. तिला कळलं.

तिने चिडून काही म्हटलं नाही. ती नुसती म्हणाली की घरी येईपर्यंत त्याला कुणी हात लावू नका. त्या शांतपणाने मला जास्त धास्ती वाटली, कारण हा फ्रीजर घरात का आला होता ते मला ठाऊक होतं.

गोष्ट अशी. आमच्या भागातल्या मराठी मंडळाचा गणपती दरवर्षी एका शाळेच्या हॉलमध्ये बसतो. आदल्या वर्षी प्रसादाचे मोदक केटररकडून आले होते. तळलेले, गार, आणि आत नारळापेक्षा रवा जास्त. यंदाच्या बैठकीत पुन्हा केटररचीच गोष्ट निघाली तेव्हा बायको उभी राहिली आणि म्हणाली, उकडीचे करू, पाचशे करू, सारणाचं माझ्याकडे. मंडळाच्या अध्यक्षीणबाई वयाने मोठ्या, स्वभावाने स्पष्ट. त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "नोकरी करणाऱ्यांनी असलं डोक्यावर घेऊ नये. आयत्या वेळी पंचाईत होते." बायकोने त्यावर फक्त मान हलवली. पण त्या दिवशी घरी आल्यावर ती मोजपट्टी घेऊन घरभर हिंडली.

तिचा हिशोब सरळ होता. चतुर्थीच्या दिवशी सकाळी उकड काढायला आणि कळ्या पाडायला मंडळातल्या बायका येतील. पण पाचशे मोदकांचं सारण त्याच दिवशी करणं शक्य नाही, आणि ऑफिसला एवढी सुट्टी नाही. म्हणून सारण आधी करायचं, पाकिटं भरून गोठवायचं, आणि आदल्या रात्री बाहेर काढायचं. आमच्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात बर्फाचे दोन ट्रे आणि मुलीचं आइस्क्रीम मावतं. म्हणून हा फ्रीजर. बाबांनी नैवेद्याला गोठवलेलं सारण कसं चालेल अशी शंका काढली होती. त्यावर तिने आधीच तोडगा काढून ठेवला होता. बाप्पापुढचे एकवीस मोदक सकाळी ताज्या नारळाचे, ती स्वतः करणार. बाकीचे लोकांच्या पानातले.

संध्याकाळी ती घरी आली, पर्स खांद्यावर तशीच ठेवून बाल्कनीत गेली आणि फ्रीजरकडे बघत उभी राहिली. मी सगळं सांगून टाकलं. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, झाकणावर कुंकू होतं. फ्रीजर एका कुशीवर उभा केला की त्याच्या यंत्रातलं तेल जागा सोडून गारवा देणाऱ्या वायूच्या नळ्यांत शिरतं. तो पुन्हा आडवा ठेवला की तेल हळूहळू आपल्या जागी परततं, पण त्याला वेळ लागतो. तोवर चालू केला तर यंत्र कोरडं फिरतं. हे तिने फ्रीजर घ्यायच्या आधी कंपनीची पुस्तिका मोबाइलवर वाचून ठेवलं होतं. मला हे वीस वर्षांपासून माहीत आहे.

"किती वेळ चालला?" तिने विचारलं.

"चहाला आधण येईपर्यंत."

कंपनीच्या नंबरवर फोन करून झाला. सणाची गर्दी आहे, माणूस चतुर्थीनंतर येईल असं तिकडून अतिशय गोड आवाजात सांगण्यात आलं.

मग ती खुर्चीत बसली आणि तिने ठरवलं ते सांगितलं. फ्रीजर रात्रभर तसाच बंद राहू दे. सकाळी चालू करायचा. आत एका वाटीत पाणी ठेवायचं. "उद्या संध्याकाळी मी येईन तेव्हा ते गोठलेलं असलं तर नारळ फोडायचे. नसलं, तर मी त्यांना फोन करून नाही म्हणून सांगते. म्हणजे त्यांना केटररला सांगायला वेळ तरी राहील." फोन कुणाला ते तिला सांगावं लागलं नाही. बोलताना ती टेबलावरचा न दिसणारा डाग नखाने खरवडत होती.

आता माझी पाळी होती. मी म्हटलं, उद्या मी घरून काम करतो आणि आज हा नीट बसवतो. मुलगी तिच्या खोलीतून म्हणाली, "पापा, प्लीज, अभी रहने दो." कॉलेजात जाते, मराठी समजते तिला, पण अविश्वास दाखवायचा असला की हिंदीत बोलते. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. बटण दाबायचं सोडून बाकी सगळं मला येतं, याची मला खात्री होती. आणि खरंच येतं.

सगळ्यात आधी जागा. बाल्कनीत दुपारचं ऊन थेट येतं, आणि भाद्रपदाच्या तोंडावर नोएडातलं ऊन म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यांनाच कळेल. त्यात पाऊस तिरपा आला की फरशीवर पाणी. फ्रीजर तिथे ठेवणं म्हणजे माणसाला स्वेटर घालून पळवण्यासारखं. आत जेवणाच्या खोलीत एका भिंतीला जुन्या एसीसाठी केलेला मोठ्या तीन पिनांचा प्लग होता. त्याच्यासमोर बाबांची आरामखुर्ची. मी त्यांना म्हटलं की खुर्ची खिडकीपाशी नेऊ, उजेडही बरा आहे. बाबांनी उजेडाविषयी आपलं मत राखून ठेवलं, पण उठले.

सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावून मी तो प्लग तपासून घेतला. अर्थिंग ठीक निघालं. बाल्कनीतल्या प्लगला अर्थिंगच नव्हतं हेही तेव्हाच कळलं, आणि मी एक्स्टेन्शन बोर्डाकडे न बघता ते ऐकून घेतलं. व्होल्टेजचा भरवसा नाही म्हणून स्टॅबिलायझर भिंतीवर लावून घेतला. वीज गेली आणि आली की तो लगेच करंट सोडत नाही, जरा थांबतो. घरातल्या इन्व्हर्टरवर फ्रीजर टाकायचा मोह मला झाला होता, पण त्याला ते ओझं झेपलं नसतं आणि पंखेही गेले असते.

मग आम्ही चौघांनी तो आडवाच, न वाकवता, चादरीवरून सरकवत आत आणला. भिंतीपासून एक वीत जागा सोडली, बाजूने हातभर, कारण त्याला आतली उष्णता बाहेर टाकायला हवा लागते. बायकोने हवा बाहेर सोडणाऱ्या जाळीपुढची जागा हात धरून मोजली आणि म्हणाली, ठीक. पाय कमीजास्त करून सपाट केला. त्यासाठी मी झाकणावर परातीत पाणी घेऊन ठेवलं आणि कडा बघितल्या. मुलगी म्हणाली की फोनमध्ये यासाठी अ‍ॅप आहे. पण परातीतलं पाणी अपडेट मागत नाही. माझ्या वहिनीने फ्रीजर येणार म्हणून फार मायेने विणून पाठवलेलं क्रोशाचं कव्हर बाबांनी वर घातलं होतं, ते जाळी झाकत होतं म्हणून मी काढून घडी करून ठेवलं. आतून कोमट पाणी आणि खायच्या सोड्याने पुसला, पाणी बाहेर पडायच्या भोकाचं बूच नीट बसवलं. झाकणाची किल्ली काढून वरच्या खुंटीला टांगली. वरच्या मजल्यावरची मुलं लपाछपी खेळायला आमच्याकडे येतात, आणि असल्या पेटीत शिरायची बुद्धी कुणाला कधी होईल सांगता येत नाही. रिकामा असो की भरलेला, झाकणाला कुलूप. शेवटी बटणाजवळ चिठ्ठी लावली, 'बंद करू नये', खाली हिंदीतही, कामाला येणाऱ्या बाईंसाठी.

हे सगळं झालं आणि बाबा म्हणाले, "ते ठीक आहे. पण सकाळी अमावास्या असणार. सकाळी कसा सुरू करणार?"

मी बायकोकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. खरं तर या प्रश्नावर घरात मोठं काहीतरी व्हायचं. पण बाबाच खुर्चीत टेकत विचारात पडले. निवृत्त झाले तरी माणूस सरकारी नोकरीतला, नियमाला धक्का न लावता वाट काढणं हा त्यांचा हातखंडा. थोड्या वेळाने ते म्हणाले, "सुरू तर तो केव्हाच झालाय. अमावास्येच्या आत झालाय, मी घड्याळ बघितलं होतं. मधे फक्त बंद आहे. बंद असलेली गोष्ट परत लावणं म्हणजे काही आरंभ नव्हे."

माझ्या आयुष्यात माझी कुठलीही चूक इतक्या लवकर कामाला आलेली नाही. मी हे बोलून दाखवणार होतो, पण बायकोचा चेहरा बघून राहू दिलं.

सकाळी मी बटण दाबलं तेव्हा तिघंही मागे उभी होती. घर्र झालं नाही. एक बारीकसा गुणगुणता आवाज आला आणि चालू राहिला. बायकोने पाण्याची वाटी आत ठेवली, वाटीशेजारी मी आदल्या दिवशीच आणलेला छोटा थर्मामीटर. मग तिने झाकण लावलं, मला म्हणाली, "उघडून बघत बसू नका," आणि मेट्रो गाठायला गेली.

तो दिवस मी लॅपटॉप घेऊन फ्रीजरशेजारी काढला. उघडून बघायची इच्छा मला झाली नाही असं मी म्हणणार नाही. पण माझ्यापेक्षा बाबांना जास्त होत होती. ते दर थोड्या वेळाने येत, झाकणावर तळहात ठेवत आणि म्हणत, जरासं बघू या का. मी त्यांना समजावून सांगे की आत गारवा साठतोय, उघडलं की बाहेरची गरम हवा आत जाते. ते मान डोलावत आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच विचारत. फ्रीजरची बाजू हाताला कोमट लागत होती. बाबांना ते वाईट लक्षण वाटलं. मी म्हटलं, बाहेर गरम म्हणजे आतली उष्णता बाहेर येतेय, तो त्याचं काम करतोय. सांगताना मला माझाच आवाज ऐकू आला आणि तो मला आवडला. मीटिंगमध्ये कुणीतरी माझं मत विचारलं तेव्हा मी म्हटलं, "वेट अँड वॉच". कुणाला वेगळं काही वाटलं नाही.

संध्याकाळी बायको आली. चपलाही काढल्या नाहीत. फोन तिच्या हातात होता आणि त्यावर अध्यक्षीणबाईंचा नंबर आधीच उघडून ठेवलेला मला दिसला. तिने कुलूप काढलं, झाकण उचललं. आतून पांढरी गार वाफ वर आली. तिने वाटी काढली आणि तळहातावर उलटी केली. काहीच पडलं नाही. तिने वाटीच्या बुडाला नखाने टकटक केलं, थर्मामीटर वाचला, उणे अठराच्याही खाली. वाटी परत आत ठेवली, झाकण लावलं, फोन टेबलावर पालथा टाकला.

"नारळ काढा," ती म्हणाली.

पुढचे दिवस घरात नुसता खोबऱ्याचा वास होता. नारळ मी सोलले, फोडले बाबांनी. खवणी घेऊन मंडळातल्या दोघी आल्या. मुलीला सारण हा शब्द नवीन होता, पण गूळ कधी विरघळला आणि मिश्रण कधी आटलं हे तिला आईच्या आधी कळायला लागलं. बायको भराभर कढया उतरवत होती आणि आता फ्रीजरचा मालक मी होतो. गरम सारण आत जाऊ द्यायचं नाही. आधी पंख्याखाली परातीत पसरायचं, पूर्ण निवलं की पाकिटात भरून चपटं करायचं, म्हणजे आतपर्यंत लवकर गोठतं. आणि सगळं एकदम कोंबायचं नाही, थोडं थोडं, आधीचं कडक झालं की पुढचं. एकदा बायकोने घाईने मोठा डबा पुढे केला. मी नको म्हटलं. तिने डोळे मोठे केले. मी तरी नको म्हटलं. तिने डबा पंख्याखाली नेऊन ठेवला. घरात असं फार वेळा होत नाही, म्हणून नोंदवून ठेवतो.

हरतालिकेच्या दिवशी संध्याकाळी सेक्टरमधला ट्रान्सफॉर्मर उडाला. सोसायटीचा जनरेटर लागला, बंद पडला, पुन्हा लागला. बायको उपाशी होती आणि कंटाळलीही होती. ती स्वयंपाकघरातून आली आणि झाकणाकडे हात नेत म्हणाली, वितळत नसेल ना? मी म्हटलं, भरलेला फ्रीजर आहे, झाकण बंद आहे, तासन् तास काही होत नाही. उघडायचं नाही. तिने हात मागे घेतला आणि ती परत गेली. मी तिथेच बसून राहिलो. स्टॅबिलायझरने त्याचा वेळ घेतला, टक् असा आवाज झाला आणि गुणगुण पुन्हा सुरू झाली. त्या रात्री ठरल्याप्रमाणे पाकिटं बाहेर काढली तेव्हा ती दगडासारखी होती.

चतुर्थीला शाळेच्या हॉलमागच्या स्वयंपाकघरात बायकांची रांग उकड मळायला आणि पाऱ्या करायला बसली. सारण सुटं, ओलसर, वेलदोड्याच्या वासाचं. मोदकपात्रातून पहिला घाणा निघाला तेव्हा अध्यक्षीणबाईंनी एक मोदक हातात घेतला, कळ्या मोजल्यासारख्या बघितल्या, त्यावर तूप सोडून खाल्ला. मग दुसरा घेतला. बायकोने त्यांना स्वतःहून सांगितलं की सारण आठवड्याच्या सुरुवातीचं आहे, गोठवलेलं. त्या म्हणाल्या, "मला कळलं नाही हो." एवढ्या स्पष्ट बाईने एवढंच म्हटलं तर ते खूप झालं. दुपारपर्यंत मोदक संपले. जाताना त्यांनी बायकोला बाजूला घेऊन काहीतरी विचारलं आणि बायकोने बराच वेळ हसत त्यांना उत्तर दिलं. मी रिकामी पातेली उचलत होतो, ऐकू आलं नाही.

परतताना गाडीत मी विचारलं की काय म्हणत होत्या. पुढच्या वर्षीचं विचारत होत्या, ती म्हणाली. मी म्हटलं, आणि तू हो म्हणालीस?

बायकोने सीटवर मान टाकून डोळे मिटले. "मी म्हटलं, पुढच्या वर्षी सारण दुसऱ्या कुणीतरी करावं, मला जमायचं नाही. पण ठेवायची काळजी करू नका. फ्रीजर आमच्याकडे आहे, आणि मी हट्ट केला तरी झाकण उघडू न देणारा माणूसही आमच्याकडेच आहे."